जळालं की जाळलं?

गेल्या वर्षी आमच्या केंद्रात पोरांच्या लेखनाची स्पर्धा झाली. तिसरी-चौथीचा गट. विषय होता : 'माझी स्वतःची पुराणकथा'. माझ्या वर्गातल्या एका पोराचा पहिला नंबर आला. कंपासपेटी मिळाली. फोटो निघाला. परीक्षक म्हणाले, या मुलानं लोकपरंपरा जपली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

त्या टाळ्यांचा हिशेब द्यायला हा लेख लिहितोय.

पोराची गोष्ट एवढीच होती : 'मरीआई लिंबाखाली बसली होती. तिला भूक लागली. माझ्या आज्यानं तिला निवद दिला नाही. ती कोपली. तिनं डोळे उघडले आणि रात्री आमचं घर जळालं. मग शेजारचं जळालं. मग सगळी ओळ जळाली. म्हणून आम्ही दर साली निवद देतो. आणि म्हणून आपण गावाच्या कडेला गुपचूप ऱ्हावं.'

'ऱ्हावं'वर कुणीतरी लाल गोल करून 'राहावं' असं लिहिलं होतं. साऱ्या गोष्टीत परीक्षकांना खटकलं ते एवढंच.

मी मराठवाड्यातला. झेडपीचा मास्तर. दिवसा शाळा, संध्याकाळी वस्तीतल्या विहारात पोरांचा वर्ग. दलित साहित्य वाचून वाढलेला माणूस. मला तरी ते 'गुपचूप' टोचायला हवं होतं. नाही टोचलं. कारण वाक्यं आखीव होती, गोष्टीला आरंभ-मध्य-शेवट होता, आणि आपल्या वस्तीतल्या पोराचा नंबर आला याचा मला आनंद झाला होता. चांगल्या अक्षराखाली काय काय झाकून जातं बघा.

आता या उपक्रमाबद्दल. प्रशिक्षणात आम्हाला एक कागद मिळाला होता. त्यात चार चौकटी. पहिलीत देव किंवा अद्भुत शक्ती. दुसरीत संकट. तिसरीत वीर. चौथीत शेवट, आणि तो 'म्हणून' या शब्दानं सुरू करायचा. म्हणून कावळा काळा झाला. म्हणून समुद्र खारट झाला. पोरांनी चौकटी भरायच्या की पुराण तयार. पिठाच्या गिरणीत दाणे टाकावेत तसं.

कल्पना वाईट नाही, हे आधीच सांगतो. पोरानं दुसऱ्याचं पाठ करण्यापेक्षा स्वतःचं रचावं, हे आपल्याला हवंच आहे. पुराण रचायचा हक्क हजारो वर्षं एकाच हाताला होता. तो हक्क चौथीतल्या पोरीच्या पेन्सिलीत आला, याची थट्टा मी करणार नाही. माझं भांडण त्या चौथ्या चौकटीशी आहे.

माझ्या वर्गातल्या सत्तावीस वह्या मी नंतर पुन्हा वाचल्या. टीकाकार कवितासंग्रह वाचतो तशा, एकेक ओळ धरून. निम्म्याहून जास्त वह्यांत देव गोरा आणि राक्षस काळा. टीव्हीवर पोरं तेच बघतात. 1987 साली दूरदर्शननं रामायण दाखवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून देव कसा दिसतो हे आपल्या पोरांच्या डोळ्यांत कुणी दुसराच भरतोय. पण मला जास्त लागलं ते पुढचं. अकरा वह्यांत राक्षस राहतो कुठं? गावाच्या बाहेर. ओढ्याच्या पलीकडे. आमच्या गावात ओढ्याच्या पलीकडे कोण राहतं? ही पोरंच राहतात. आपल्याच घराच्या पत्त्यावर त्यांनी राक्षस बसवला, आणि त्याला मारायला गावातून वीर बोलावला. पोरांना याचा पत्ताही नाही.

एका पोरीनं लिहिलं होतं : देवानं मातीची माणसं केली. आधी पाटील केला, मग वाणी केला, मग बाकीचे. शेवटी माती संपली. मग त्यानं हात धुतले आणि त्या हात धुतलेल्या पाण्याच्या चिखलातून आम्हाला केलं. म्हणून आमचं घर पावसात गळतं.

नऊ वर्षांची पोर. तिला पुरुषसूक्त कुणी शिकवलं नव्हतं. मुख, बाहू, मांड्या, पाय यांतलं काही तिनं ऐकलेलं नाही. तरी तिनं नेमकं तेच पुन्हा रचलं, आणि स्वतःला पायाच्याही खाली नेऊन ठेवलं. चार चौकटींचा कागद हातात दिला आणि 'मोकळेपणानं लिही' म्हणालो, तर पोर मोकळं होत नाही. त्याच्या डोक्यात जे आधीच भरलेलं आहे तेच त्या चौकटींत सांडतं.

बक्षिसाच्या गोष्टीकडे परत येतो. चार दिवसांनी माझी टाळ्यांची झिंग उतरली आणि कार्यकर्ता जागा झाला. विहारातल्या वर्गात मी त्या पोराला पुढं बोलावलं. त्याच्या वहीतल्या मरीआईवर लाल पेनानं आडवी रेघ मारली. म्हणालो, 'हे खोटं आहे. मरीआई-बिरीआई काही नसतं. आपण बौद्ध आहोत. बावीस प्रतिज्ञा म्हण.' पोरानं प्रतिज्ञा म्हटल्या. न अडखळता म्हटल्या. आणि त्यानंतर महिनाभर त्यानं स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही. फळ्यावरचं उतरवायचा. उतरवून झालं की वही पालथी घालायचा.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी म्हणालो, 'माय, पोरांना मरीआईच्या गोष्टी कशाला सांगता? घर काय देवीनं जाळलं का?'

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, 'दगुड कुठं काडी वढीत असतो का मास्तर?'

मी गप्प.

ती म्हणाली, 'नामांतराच्या सालातली गोष्ट हाय ती. ह्याचा बाप तवा जल्मला बी नव्हता. थोरली लेकरं ल्हान व्हती. इचारायची, माय, घर कुणी जाळलं? नाव सांगितलं असतं तर लेकरू त्येच्या दारात जाऊन बोललं असतं. अन् सकाळी कामाला त्येच्याच रानात जायाचं व्हतं. म्हनून मरीआईचं नाव घेतलं. मरीआई काई पोलिसात जात न्हाई.'

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे आपल्या भाषणांत आहेत, गाण्यांत आहेत. 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार आपण दर वर्षी साजरा करतो. एवढा इतिहास मला तोंडपाठ. आणि त्या इतिहासातलं एक घर माझ्या वर्गातल्या वहीत पहिल्या नंबरानं पास झालं, तर मला ओळखू आलं नाही. परीक्षकांना त्यात लोकपरंपरा दिसली. मला अंधश्रद्धा दिसली. मी लाल पेनानं देवीला मारलं. काडी ओढणारा दोघांच्याही हातून सुटला.

मित्रांनो, चौथीत अकर्मक-सकर्मक शिकवत नाहीत. पण ते पोरांना आईच्या पोटातून येतं. घरात कप खाली पडतो. पोर म्हणतं, 'कप फुटला.' आई विचारते, 'कुणी फोडला?' सगळी पुराणमीमांसा या दोन वाक्यांत आहे. फुटला-फोडला. पडलं-पाडलं. तुटला-तोडला. मेला-मारला. जळालं-जाळलं. आपल्या भाषेनं प्रत्येक घटनेला दोन क्रियापदं दिलेली आहेत : एक कर्ता लपवणारं, एक कर्ता दाखवणारं. पुराण बहुतेक वेळा पहिलं वापरतं आणि कर्त्याच्या रिकाम्या जागेवर देव बसवतं.

एकलव्याचंच बघा. आदिपर्वात गोष्ट उघड आहे, द्रोणानं अंगठा मागितला. पण शाळेत आपण काय ऐकलं? एकलव्यानं अंगठा 'दिला'. थोर शिष्य. गुरुदक्षिणा. 'घेतला' हे क्रियापद गळालं आणि गुन्ह्याचा सद्गुण झाला. सत्तरीच्या दशकात आपल्या कवींनी एकलव्य, शंबूक, कर्ण जवळ केले. ही त्यांची पुराणं आपण का वापरायची, यावर भांडणंही झाली. त्या भांडणात मी आज एवढंच घालीन की, नाव कुणाच्या पोथीतलं आहे यापेक्षा क्रियापद कुणाचं आहे ते आधी पाहा. एकलव्य आपला झाला आणि क्रियापद 'दिला' हेच राहिलं, तर आपण काय मिळवलं?

पण म्हातारीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती कुठल्या पुस्तकात मला भेटली नव्हती. कर्ता दोघं गाळतात. ज्यानं केलं तो गाळतो, सुटण्यासाठी. ज्यानं सोसलं तोही गाळतो, जगण्यासाठी. दोन्ही वाक्यं कागदावर सारखीच दिसतात. त्यांना एकच लाल रेघ मारणं हा अडाणीपणा आहे, आणि तो मी केला.

आपल्या जुन्या गोष्टींत हे जागोजागी आहे. गाईच्या चार लेकरांची गोष्ट काही जणांनी आज्यांकडून ऐकली असेल. गाय विचारते, मी मेल्यावर माझं काय कराल? तिघं म्हणतात पूजा करू. धाकटा म्हणतो, तू मला पोटात वागवलंस, मी तुला माझ्या पोटात वागवीन. तोच महार, आणि म्हणून तो गावाबाहेर. बाहेरून आलेल्या साहेबांनीही ही गोष्ट टिपून ठेवली. आता हिचे दोन तुकडे करा. धाकट्याचं उत्तर वाचा. त्यात लाज आहे? मला तर त्यात चौघांतलं सगळ्यात खरं प्रेम दिसतं. लाज आहे ती पुढच्या 'म्हणून'मध्ये. मेलेलं ढोर ओढायला कुणी लावलं, गावाबाहेर कुणी घातलं, हे सगळं त्या एका 'म्हणून'नं गिळलं. गोष्ट आपल्या कुणीतरी रचली असेल, पण तिचा शेवट पाटलाच्या वाड्यातून आला.

मग पोरांना काय शिकवायचं? यासाठी मला परदेशी पुस्तकं धुंडाळावी लागली नाहीत. आपल्या घरातच तीन धडे आहेत.

पहिला धडा 1855 चा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं सरळ देवालाच विचारलं. तिनं नवं पुराण रचलं नाही. जुन्या पुराणात आपल्याला जागाच नाही, हे बोट ठेवून दाखवलं. शाळेतल्या पोरीनं ते दाखवलं, पंडितानं नाही. पोरांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

दुसरा धडा 1873 चा, 'गुलामगिरी'. तिचं रूप पाहा : धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. सोळा भाग, सगळे संवादात. ब्रह्मदेवानं चार ठिकाणांहून चार वर्ण जन्माला घातले म्हणता, तर मग त्याची बाळंतपणं कशी झाली, असा रोखठोक हिशेब. मत्स्य, वराह, वामन यांचं देवपण उतरवून जोतीराव त्यांना स्वारी करून आलेली माणसं करतात. तो इतिहास आज तपशिलात तपासून घ्यावा लागेल. पण त्यांनी केलं काय? जिथं देव बसवला होता तिथं कर्ता परत आणून बसवला. बळी पाताळात 'गेला' नाही, त्याला 'घातला'.

तिसरा धडा बाबासाहेबांचा. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, इंग्रजीत आला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलंच नव्हतं, हे बुद्धीला पटत नाही म्हणाले. आणि त्या जागी त्यांनी काय ठेवलं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचं भांडण. संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं. 1927 साली महाडला पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस ही गोष्ट निवडतो. गोष्ट टाकून दिली नाही त्यांनी. आधी 'हे होईल का?' विचारलं, मग माणसांच्या व्यवहारात कारण शोधलं, आणि मग गोष्ट पुन्हा सांगितली. देवांबद्दल असेच सरळ प्रश्न 'रिडल्स'मध्ये विचारले. 1987 साली महाराष्ट्र शासनानं तो ग्रंथ छापला तेव्हा केवढं रान पेटलं, आणि 1988 च्या सुरुवातीला आपल्याला मुंबईच्या रस्त्यावर उतरावं लागलं. प्रश्न विचारणं फुकट नसतं.

आता आपल्याच घरातली घाण. सत्तावीसपैकी चार वह्यांत बाबासाहेब आकाशातून उतरले होते. निळा उजेड पडला, हातात पुस्तक होतं, त्यांनी बोट दाखवलं आणि सगळ्यांची गरिबी गेली. पोरांचा काय दोष? आपण जयंतीला त्यांना हेच दाखवतो. ज्यानं दिवसाचे अठरा-अठरा तास वाचलं, त्याला आपण अवतार केला. चवदार तळ्यावर हजारो माणसं चालत गेली होती. पोरांच्या गोष्टीत ती हजारो माणसं नाहीत, फक्त बोट आहे. इथंही कर्ता गळालाच. या वेळी तो आपण गाळला. आपलं पुराण म्हणून ते मी चालवून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

म्हणून मी वर्ग बदलला. चौकटींचा कागद बाजूला ठेवला. आता आम्ही 'धोंडिबा' खेळतो. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं धोंडिबा व्हायचं. धोंडिबाला तीनच प्रश्न : कुणी केलं? तू कुठं उभा होतास? 'म्हणून'च्या पुढं काय? गोष्ट सांगणाऱ्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. 'माहीत नाही' चालतं. 'सांगणार नाही' हेही चालतं, आणि ते म्हातारीकडून शिकलो. लाल पेन मी घरी ठेवून जातो.

एक सावधगिरी. प्रत्येक गोष्टीला मोर्चा लावू नका. वटवाघूळ उलटं का लटकतं, यावर एका पोरानं लिहिलं, त्याला जमिनीची सर बघायची होती, पाऊस खालून वर पडताना दिसतो म्हणून. त्याला 'कुणी केलं' विचारायला गेलो तर पोरंच हसली. तिथं कर्ता नाही, तिथं मजा आहे. आपल्या पोरांना नुसत्या मजेचाही हक्क आहे. ढग, माकड, चंद्र यांवर वाटेल ते लिहू द्या. माणसानं माणसाला केलेलं जिथं येतं तिथंच धोंडिबा उभा करा.

माती संपलेल्या पोरीला तिच्या मैत्रिणीनं विचारलं, 'माती कुणी संपवली?' ती दोन दिवस विचार करत होती. मग लिहून आणलं : 'माती संपली नव्हती. पाटलानं स्वतःला मोठा वाडा करायला दोन गाड्या जास्त नेल्या. देव झोपला होता. आम्ही देवाला उठवलं नाही. आम्ही गाड्यांच्या चाकाच्या खुणा बघत निघालो.' इथंच गोष्ट थांबते. 'म्हणून' नाही. कुठल्या संपादकानं छापली नसेल अशी ओळ आहे ती, चाकाच्या खुणा बघत निघालो.

आणि तो पोरगा. त्याला मी काही लिहायला सांगितलं नव्हतं. त्याच्या आजीसमोर मी त्याची माफी मागितली होती, एवढंच. पावसाळ्यात एक दिवस त्यानं वही उघडी ठेवली आणि पळून गेला. लिहिलं होतं :

'आमचं घर जाळलं. तेव्हा माझे पप्पा जन्मले नव्हते. कुणी जाळलं ते आजीला माहीत आहे. मरीआईला पण माहीत आहे, कारण ती लिंबाखाली जागी होती. ती साक्षीदार आहे. ती बोलत नाही, कारण तिला पण याच गावात ऱ्हायचं आहे.'

मरीआई राहिलीच की, असं तुमच्यातला कुणी म्हणेल. राहिली. पण कोपायचं सोडून ती साक्षीला बसली. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या पोरानं तिला देव्हाऱ्यातून उठवून आपल्या ओळीत आणलं. पुढं मोठा झाल्यावर तो तिला निरोप देईल किंवा नाही देणार. आज मला 'जाळलं' हा शब्द पुरतो. 'ऱ्हायचं'ला मी हात लावला नाही.

ही वही मी केंद्रावर पाठवली नाही. ती कुणाच्या हातात पडेल हे मला माहीत नाही, आणि आजी अजून त्याच गावात आहे. गाव, नाव, आडनाव इथंही लिहिलेलं नाही. कर्ता शोधायचा म्हणजे दुसऱ्याच्या नातवाच्या जिवावर शौर्य गाजवायचं नसतं. वेळ म्हातारीनं ठरवायची.

तुमच्यापैकी बरेच जण वस्तीत वर्ग घेता. जयंतीच्या भाषणाची तयारी थोडी कमी करा आणि पोरांच्या वह्या वाचा. जिथं 'जळालं' दिसेल तिथं थांबा. रेघ मारू नका. पोराच्या शेजारी बसा आणि हळू आवाजात विचारा.

जयभीम.